प्रकटीकरण वाचायची रीत: श्वापद, शिंगे आणि ६६६

बायबलचे शेवटचे पुस्तक हातात घेणारा माणूस बहुधा थेट तेराव्या अध्यायावर जातो. ६६६ तिथे आहे, श्वापद तिथे आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या भाकितांचा रोखही तिथलाच. पण आधीचे बारा अध्याय वाचले नसतील तर तेरावा हमखास चुकीचा लागतो. चिन्हांचा अर्थ लावायला एक ठरलेला क्रम आहे. पुस्तकाने स्वतः दिलेला खुलासा आधी पाहायचा, मग जुना करार, मग पहिल्या शतकातला रोमी आशिया प्रांत. आजची बातमी सगळ्यात शेवटी, आणि तीही जागा उरली तर. हा क्रम उलटा केला की वाटेल ते सिद्ध करता येते. गेल्या दोन हजार वर्षांत ते झालेही आहे.

तयारी

एक जाड वही घ्या आणि पानावर चार रकाने आखा: चिन्ह, याच पुस्तकात त्याचा दिलेला अर्थ, जुन्या करारातली जागा, आणि आपला अंदाज. पहिले तीन रकाने पेनाने भरा, चौथा पेन्सिलीने. दुसरा आणि तिसरा रकाना रिकामा असताना चौथा भरायचा नाही, एवढा एक नियम पाळला तरी निम्म्या चुका टळतात.

प्रकटीकरणात २२ अध्याय आणि ४०४ वचने आहेत. पहिले वाचन एका बैठकीत, मोठ्याने करा. दीड तास धरून ठेवा. पहिल्याच अध्यायात (१:३) वाचून दाखवणारा आणि ऐकणारे यांना धन्य म्हटले आहे, म्हणजे हे पुस्तक मंडळीत ऐकवण्यासाठीच लिहिलेले होते. या वाचनात थांबून अर्थ शोधू नका. पुन्हा पुन्हा काय येते तेवढेच टिपा: सात, बारा, सिंहासन, कोकरा, ‘पृथ्वीवर राहणारे’.

त्यानंतर प्रकटीकरण बाजूला ठेवून पुढचे भाग वाचा: दानीएल २, ७, ८, ९ आणि १२, यहेज्केल १, ९, ३७ ते ३९, आणि ४० ते ४८ नुसते चाळून, जखऱ्या १ ते ६, निर्गम ७ ते १२, योएल २, मत्तय २४ आणि त्याच्या जोडीला लूक २१. कॅथलिक बायबलात दानीएलाचे १४ अध्याय असतात, प्रॉटेस्टंट आवृत्तीत १२. या कामाला त्या फरकाने काही अडत नाही. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक गाळतात, आणि मग टोळ, कर्णे, मोजण्याची काठी, गिळलेली गुंडाळी अशा सगळ्याच गोष्टी त्यांना नव्या वाटू लागतात. प्रकटीकरण लिहिणारा योहान कुठेही ‘असे लिहिले आहे’ म्हणून संदर्भ देत नाही. जुन्या कराराची भाषा तो सरळ वापरत जातो आणि ऐकणाऱ्याला ती ठाऊक आहे असे धरून चालतो.

हे आधी पत्र आहे

पहिल्या तीन अध्यायांवरून घाईने पुढे जाऊ नका. योहान पात्म बेटावर आहे आणि सात खऱ्या शहरांतल्या मंडळ्यांना लिहितो आहे: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. सगळी आजच्या पश्चिम तुर्कस्तानात. नकाशावर ती याच क्रमाने जोडून पाहा. इफिसाहून उत्तरेला पर्गमापर्यंत आणि तिथून वळून आग्नेयेला लावदिकीयापर्यंत, पत्र घेऊन निघालेला माणूस जशी वाट धरील तशी ती वाट निघते.

चिन्ह जमिनीला कसे जोडलेले असते ते लावदिकीयेत नीट दिसते. ‘तू थंड नाहीस, गरमही नाहीस’ या वाक्यावर प्रवचनात साधारणपणे सांगतात की गरम म्हणजे आवेशी आणि थंड म्हणजे अविश्वासी. मग ‘थंड तरी असतास तर बरे होते’ असे प्रभू का म्हणतो? शेजारच्या हिरापोलीस इथे, म्हणजे आजच्या पामुक्कलेला, गरम झरे होते. कलस्सैला गार पाणी होते. लावदिकीयेला पाणी नळांवाटे बाहेरून आणावे लागे, आणि तिथल्या अवशेषांत आतून चुन्याचे जाड थर चढलेले मातीचे नळ आजही दिसतात. अनेक अभ्यासक या कोमटपणाचा संबंध त्या पाण्याशी जोडतात: गरम पाणी उपयोगाचे, गारही उपयोगाचे, हे कशाच्याच नाही. त्याच पत्रातले सोने, वस्त्र आणि डोळ्यांचे अंजनही असेच आहे. शहर पेढ्यांसाठी, काळ्या लोकरीसाठी आणि वैद्यकशाळेसाठी प्रसिद्ध होते. इ. स. ६० च्या भूकंपानंतर रोमची मदत न घेता ते स्वतःच्या पैशाने उभे राहिले, असे टॅसिटस हा रोमी इतिहासकार सांगतो. त्यानंतर ‘मी श्रीमंत आहे, मला काही उणे नाही’ हे वाक्य (३:१७) वाचा.

या सात मंडळ्या म्हणजे चर्चच्या इतिहासाचे सात कालखंड, असेही शिकवले जाते. मजकुरात तशी खूण नाही. मांडणी आकर्षक आहे, पण तिच्यात आपला काळ नेहमी लावदिकीयाच ठरतो, मग शिकवणारा कोणत्याही शतकातला असो.

लेखनकाळाबद्दल दोन मते आहेत. दुसऱ्या शतकातला बिशप इरेनियस रोमी सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीचा शेवट सांगतो, म्हणजे साधारण इ. स. ९५. दुसरे मत सम्राट नीरोच्या आसपासचे, इ. स. ७० मध्ये यरुशलेम पडण्याआधीचे. वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही लिहून ठेवा, कारण अकराव्या अध्यायात मंदिर मोजायला सांगितले आहे तिथे हा प्रश्न पुन्हा येतो.

पुस्तकातच दिलेल्या किल्ल्या

दुसरा रकाना आधी या जागांनी भरा. सात तारे म्हणजे सात मंडळ्यांचे दूत आणि सात समया म्हणजे सात मंडळ्या (१:२०). धूपाच्या वाट्या म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना (५:८). अजगर म्हणजे तोच जुना साप, सैतान (१२:९). जलाशय म्हणजे लोक, समुदाय, राष्ट्रे आणि भाषा (१७:१५). ती स्त्री म्हणजे पृथ्वीच्या राजांवर राज्य करणारे मोठे नगर (१७:१८). तलम तागाचे वस्त्र म्हणजे पवित्र जनांची नीतिकृत्ये (१९:८). अग्नीचे सरोवर म्हणजे दुसरे मरण (२०:१४).

यांतली सगळ्यात शिकवणारी किल्ली १७:९-१० आहे. सात डोकी म्हणजे सात डोंगर, आणि तीच सात राजेही आहेत. एका चिन्हाला दोन अर्थ, आणि दोन्ही पुस्तकानेच दिलेले. ‘प्रत्येक चिन्हाचा एकच अर्थ’ असा हट्ट धरणाऱ्याचे गणित इथेच मोडते. सात डोंगर ऐकल्यावर पहिल्या शतकातल्या माणसाला कोणते नगर आठवे, हे सांगायला पंडित लागत नाही. सम्राट वेस्पाशियनच्या काळात पाडलेल्या एका नाण्यावर रोमची देवी सात टेकड्यांवर बसलेली आहे. त्या सात राजांतले पाच पडले, एक आहे, एक यायचा आहे. इथे सम्राट मोजायला बसलात तर सुरुवात ज्युलियस सीझरपासून की ऑगस्टसपासून, आणि ६८-६९ मधले अल्पजीवी गाल्बा, ओथो, विटेलियस धरायचे की सोडायचे, यावर उत्तर बदलते. ज्युलियसपासून मोजले तर सहावा नीरो; ऑगस्टसपासून मोजले तर गाल्बा, आणि ते तिघे गाळले तर वेस्पाशियन. म्हणून लेखनकाळ ठरवायला हा एकच पुरावा वापरू नका.

आणखी एक सवय लावून घ्या: योहानाने काय ‘ऐकले’ आणि काय ‘पाहिले’ ते वेगळे लिहा. ५:५ मध्ये तो यहूदा वंशाचा सिंह ऐकतो आणि वळून पाहतो तर वधलेला कोकरा. ७:४ मध्ये तो १,४४,००० हा आकडा ऐकतो आणि ७:९ मध्ये पाहतो तो कुणालाही मोजता न येणारा समुदाय. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट दोन बाजूंनी सांगितली आहे, असे बरेच भाष्यकार मानतात.

आकडे

आकडा दिसला की लगेच कॅल्क्युलेटर काढू नका. १,४४,००० म्हणजे १२ गुणिले १२ गुणिले १०००. सातव्या अध्यायातली वंशांची यादी तपासा: यहूदा पहिला आहे, दान नाहीच, आणि योसेफ व त्याचा मुलगा मनश्शे दोघेही आहेत. जनगणनेची यादी अशी नसते. यहोवाचे साक्षीदार आकडा अक्षरशः घेतात आणि वंश रूपक मानतात. अनेक भविष्यवादी, म्हणजे पुस्तकातले बहुतेक सगळे अजून घडायचे आहे असे मानणारे, दोन्ही अक्षरशः घेऊन ते यहुदी लोक आहेत असे म्हणतात. तुम्ही काहीही घ्या, पण एकाच वाक्यातला अर्धा भाग अक्षरशः आणि अर्धा रूपकाने का घेतला, हे वहीत लिहायला हवे.

नव्या यरुशलेमेची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी १२,००० स्टेडिया, हे लांबीचे ग्रीक माप (२१:१६). किलोमीटरमध्ये ते सुमारे २,२०० होतात, आणि तसे केले की बारा हरवतो. तुमच्या आवृत्तीत कोस किंवा किलोमीटर छापले असतील तर तळटीप पाहून मूळ आकडा वहीत घ्या. लांबी, रुंदी, उंची सारखी असलेली खोली जुन्या करारात एकच ठळक आहे: शलमोनाच्या मंदिरातले परमपवित्रस्थान, २० हात चौरस आणि तितकेच उंच (१ राजे ६:२०). अख्खे नगर परमपवित्रस्थान झाले आहे, म्हणून तिथे वेगळे मंदिर नाही (२१:२२).

४२ महिने, १२६० दिवस आणि ‘एक काळ, दोन काळ व अर्धा काळ’ हे तिन्ही एकच मोजमाप: ४२ गुणिले ३० म्हणजे १२६०, म्हणजेच साडेतीन वर्षे. उगम दानीएल ७:२५. प्रकटीकरणात हे मोजमाप ११:२, ११:३, १२:६, १२:१४ आणि १३:५ इथे येते. साताचा अर्धा, म्हणजे संकट ठरलेल्या मुदतीचे आहे, एवढे तरी बहुतेक पंथांना मान्य आहे.

एक चिन्ह पूर्ण उलगडून: समुद्रातून येणारे श्वापद

१३:१-२ समोर ठेवा. श्वापदाला दहा शिंगे आणि सात डोकी. अंग चित्त्यासारखे, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचे. आता दानीएल ७ उघडा. तिथे समुद्रातून चार श्वापदे येतात: सिंह, अस्वल, चार डोक्यांचा चित्ता आणि दहा शिंगांचे भयंकर चौथे. डोकी मोजा: एक, एक, चार आणि एक, बरोबर सात. शिंगे दहा. योहानाने चारही एकात ओतली आहेत आणि प्राण्यांचा क्रम उलटा लावला आहे, जणू तो त्याच रांगेकडे दुसऱ्या टोकाकडून पाहतो. चार श्वापदे म्हणजे चार राजे, आणि चौथे म्हणजे चौथे राज्य, हे दानीएल ७:१७ आणि ७:२३ मध्येच सांगितले आहे. म्हणजे श्वापद म्हणजे राजसत्ता, आणि इथे तर आधीच्या सगळ्या सत्तांची गोळाबेरीज. वहीत पेनाने एवढेच लिहायचे. ती सत्ता कोणती, हा पेन्सिलीचा भाग.

पुढे त्याच्या एका डोक्यावर प्राणघातक जखम आहे आणि ती बरी झाली आहे. कोकऱ्याचे वर्णनही ‘वधल्यासारखा’ असेच होते. त्याच अध्यायात पुढे भूमीतून येणाऱ्या दुसऱ्या श्वापदाला (१३:११) कोकऱ्यासारखी दोन शिंगे आहेत, पण ते बोलते अजगरासारखे. अजगर, श्वापद आणि खोटा संदेष्टा, म्हणजे हेच दुसरे श्वापद, हे त्रिकूट (१६:१३) देवाची नक्कल करते आहे. जखमेबद्दल इतिहासातली गोष्ट अशी की नीरोने ६८ मध्ये स्वतःच्या गळ्यावर शस्त्र चालवून जीव दिला, आणि तो जिवंत आहे, पूर्वेकडून परतणार आहे अशी अफवा पुढे कित्येक वर्षे टिकली. त्याचे तोतयेही निघाले.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी: ‘ख्रिस्तविरोधक’ हा शब्द प्रकटीकरणात एकदाही येत नाही. तो योहानाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रात आहे, आणि तिथे असे पुष्कळ जण आधीच निघाले आहेत असे म्हटले आहे. श्वापद, ‘अनीतिमान पुरुष’ (२ थेस्सलनीका २) आणि ख्रिस्तविरोधक हे एकच आहेत असे मानता येते, पण तो जोड वाचकाने घातलेला असतो.

६६६ कसे मोजतात

१३:१८ मध्ये ६६६ हा श्वापदाच्या नावाचा आकडा म्हणून येतो. इब्री आणि ग्रीक भाषांत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असे, त्यामुळे नावाचा आकडा काढणे हा रोजच्या गमतीचा भाग होता. इ. स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेईच्या भिंतीवर कुणीतरी लिहून ठेवले आहे की जिचा आकडा ५४५ ती मला आवडते. ‘नेरोन कैसर’ इब्री अक्षरांत लिहिले तर नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०. मग कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज ६६६. शेवटचा नून गाळून लॅटिन धाटणीने ‘नेरो’ लिहिले तर ५० वजा होऊन ६१६ उरतात, आणि काही जुन्या हस्तलिखितांत, इजिप्तमधल्या ऑक्सिरिंखसला सापडलेल्या एका पपायरसातही, ६१६ असाच आकडा आहे. दोन्ही आकड्यांचा खुलासा करणारे दुसरे नाव सहज सापडत नाही, हेच या उत्तराचे बळ.

तरी सावध राहा. इरेनियसला हे उत्तर सुचले नव्हते. त्याने ग्रीकमधली नावे दिली. त्यांतले ‘लाटेइनोस’ ३०, १, ३००, ५, १०, ५०, ७०, २०० असे ६६६ होते आणि ‘टेइटान’ही ६६६ होते. आकड्यावरून नाव शोधायला निघालात की शेकडो सापडतात. इंग्रजी अक्षरांना ६, १२, १८ अशा किमती देऊन ‘कॉम्प्युटर’ वगैरे ६६६ करून दाखवणारे गणित तर लगेच टाकून द्या. तशी किंमत योहानाच्या वाचकाला ठाऊक असणे शक्यच नव्हते.

हातावर किंवा कपाळावर मारला जाणारा श्वापदाचा शिक्का (१३:१६) बारकोडात आहे, आधार कार्डात आहे, लशीत आहे, असे दावे वेळोवेळी झाले. त्यांना उत्तर १३:१६ च्या दोन्ही बाजूंना आहे. मागे ७:३ मध्ये देवाच्या दासांच्या कपाळावर शिक्का मारला जातो, पुढे १४:१ मध्ये त्यांच्या कपाळावर कोकऱ्याचे आणि पित्याचे नाव आहे. हात आणि कपाळ ही जोडी अनुवाद ६:८ मधली आहे; तिथे देवाच्या आज्ञा हातावर आणि डोळ्यांच्या मधोमध बांधायच्या आहेत. म्हणजे प्रश्न उपासना कुणाची आणि निष्ठा कुणाशी हा आहे. देवाचा शिक्का न दिसणारा आणि श्वापदाचा मात्र दिसणारा, असे एकाच पानावर म्हणता येत नाही.

क्रम आणि तारखा

सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या या एकामागून एक घडणाऱ्या २१ घटना आहेत की तेच तीनदा सांगितले आहे? तक्ता करून पाहा. सहाव्या शिक्क्याला आकाश गुंडाळले जाते (६:१४), तरी पुढे आठव्या अध्यायात सूर्य, चंद्र आणि तारे आहेतच. विजा, आवाज आणि गडगडाट ४:५ मध्ये येतात. ८:५ मध्ये त्यांत भूकंपाची भर पडते, ११:१९ मध्ये गारांची, आणि १६:१८-२१ मध्ये भूकंप आणि गारा दोन्ही अतिप्रचंड होतात. तिन्ही मालिका एकाच शेवटाला पोचतात आणि दर खेपेला तीव्रता वाढते, असे म्हणणाऱ्यांना हा मोठा आधार आहे. सरळ क्रम मानणारे म्हणतात की सातव्या शिक्क्यातून कर्णे निघतात, म्हणून ते नंतरचेच.

तारखांचे गणित कसे फसते ते एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी उपदेशक विल्यम मिलर याच्या उदाहरणात दिसते. दानीएल ८:१४ मधल्या २३०० ‘संध्याकाळ-सकाळ’ म्हणजे ‘दिवसाला वर्ष’ या नियमाने (गणना १४:३४, यहेज्केल ४:६) २३०० वर्षे असे त्याने धरले आणि सुरुवात इ. स. पू. ४५७ केली. २३०० वजा ४५७ म्हणजे १८४३. शून्य साल नसते म्हणून एक मिळवून १८४४. त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली, आणि तो दिवस इतर दिवसांसारखाच गेला. बेरीज-वजाबाकी चोख होती. पण त्याच अध्यायात एडका म्हणजे मेदय-पारसाचे राजे आणि बकरा म्हणजे ग्रीसचा राजा असे स्पष्ट दिले आहे (८:२०-२१). लहान शिंग त्या बकऱ्यातून फुटते, त्यामुळे बहुतेक अभ्यासक यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट करणारा ग्रीक राजा चौथा अँटायोकस याच्याकडे बोट दाखवतात; इ. स. पू. १६४ मध्ये ते मंदिर पुन्हा शुद्ध झाले. मिलरच्या चळवळीतून पुढे सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली. पुण्याचे स्पायसर विद्यापीठ तिचेच. १८४४ ही तारीख ती आजही मानते, फक्त घटना स्वर्गातल्या पवित्रस्थानातली होती असे म्हणते.

शिकवणारा कुठल्या घराण्याचा आहे ते ओळखा

कुठलेही भाष्य हाती घेतले की त्याची बैठक तपासा. सगळे पहिल्या शतकात घडले असे म्हणणारा एक गट. चर्चच्या सगळ्या इतिहासावर चिन्हे पसरवणारा दुसरा (लूथरच्या परंपरेत पोप म्हणजे ख्रिस्तविरोधक ठरला तो याच वाटेने). चौथ्या अध्यायापासून पुढचे सगळे भविष्यातले मानणारा तिसरा. आणि कुठल्याही काळातला देव व दुष्टता यांचा झगडा पाहणारा चौथा. मोठ्या संकटाआधी मंडळी वर घेतली जाईल ही शिकवण १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बीने मांडली आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलाच्या तळटीपांनी जगभर नेली. महाराष्ट्रातल्या अनेक पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्यांत तीच ऐकायला मिळते. तिचे मुख्य वचन १ थेस्सलनीका ४:१७ आहे, प्रकटीकरणातले नाही. ४:१ मधले ‘इकडे वर ये’ हे योहानाला उद्देशून आहे. कॅथलिक वाचनक्रमात बारावा अध्याय १५ ऑगस्टला मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला येतो, त्यामुळे वसईतल्या वाचकाला सूर्य पांघरलेली स्त्री म्हणजे मरिया हे आधीच ठाऊक असते. तिसऱ्या रकान्यात उत्पत्ती ३७:९ लिहा, योसेफाच्या स्वप्नातले सूर्य, चंद्र आणि तारे. म्हणजे इस्राएल हा अर्थही समोर राहील.

ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्यावर सगळ्यात जास्त वाद आहे, आणि ते येते २०:१-७ या सात वचनांत. दोनच प्रश्न विचारा. विसावा अध्याय एकोणिसाव्याच्या नंतर घडतो, की पुन्हा सुरुवातीकडे जातो? आणि ‘पहिले पुनरुत्थान’ शरीराचे की आत्म्याचे? पहिल्याला ‘नंतर’ आणि दुसऱ्याला ‘शरीराचे’ असे उत्तर दिले की दुसऱ्या शतकातले जस्टिन आणि इरेनियस यांच्या पंगतीत बसता. उलट उत्तरे दिली की पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टीन याच्या.

गटात शिकवायचे असेल तर आठवड्याला दोन अध्याय धरून अकरा बैठका करा. पहिली आणि शेवटची कधीही गाळू नका, आणि तेराव्या अध्यायाच्या बैठकीआधी सगळ्यांकडून दानीएल ७ वाचून घ्या. कुणी मोबाइलवरचा व्हिडिओ पुढे केला तर तो बंद न करता त्यातले एकच चिन्ह निवडा आणि चार रकाने सगळ्यांसमोर भरा. तारीख सांगणारा असेल तर आधी मत्तय २४:३६ आणि प्रेषितांची कृत्ये १:७ वाचून घ्या.